वजनाला तांदूळ

नागपूर-पुण्याकडच्या कुठल्याही लग्नात मी रायपूरची आहे असं सांगितलं की समोरच्या बाईचा घास हातातच थांबतो. "बाई गं, छत्तीसगड! भीती नाही वाटत तुम्हाला तिकडे?" आमच्या सदर बाजारात, स्कूटरींच्या गर्दीत, सोनाराच्या ओट्यावर नक्षलवादी बंदूक टेकवून चहा पीत बसलेले असतात, अशी यांची समजूत. पूर्वी मी समजावून सांगायचे. बस्तर आमच्यापासून किती लांब, रायपूर केवढं मोठं शहर, नवा रायपूरचे रस्ते किती रुंद, वगैरे. आता नाही सांगत. आता मी म्हणते, "वाटते ना. अमेरिकेत वाटली होती." आणि पानातली जिलबी उचलते.

उत्तर उद्धट आहे, मला माहीत आहे. शिवाय आपलं घर तेवढं स्वच्छ असं सांगायला मी बसलेली नाही. आमच्याच राज्याच्या दक्षिणेला जंगलात माणसं मेली, दोन्हीकडची मेली, आणि आम्ही रायपूरकर सकाळी पोहे खाता खाता ते पेपरात वाचून पान उलटत आलो. त्यामुळे अमेरिकेबद्दल मी जे लिहिते आहे ते कुणा साधूबाईचं प्रवचन नाही. मी रिटायर झालेली शाळामास्तरीण आहे, हिंदी माध्यमात विज्ञान शिकवायचे, आणि मला राग लवकर येतो.

मुलगी आणि जावई तिकडे दक्षिणेकडच्या एका राज्यात राहतात. नात तेव्हा सहा वर्षांची होती. जावयाची नवी नोकरी, मुलीच्या कामाच्या वेळा विचित्र, म्हणून आम्ही दोघं म्हातारे पोरीला सांभाळायला गेलो. घर छान होतं. रस्ता इतका स्वच्छ की चप्पल काढून चालावं. शेजारी लांबून हात हलवायचे. माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही, आमच्या गाडीचं चाक पंक्चर झालं तेव्हा अनोळखी बाईनं थांबून जॅक दिला होता. समोरच्या घरात एक उंच गृहस्थ राहायचे. त्यांच्या दारावर पलंगपोसाएवढा झेंडा आणि कमरेला पिस्तूल. पिस्तूल लावून ते गवताला पाणी घालायचे. किराण्याच्या दुकानातही असे एक-दोन दिसायचे, टमाटे निवडणारे. आमच्याकडे बंदूक दिसते ती बँकेच्या दारात, आणि ती धरणारा गार्ड बहुधा पेंगत असतो. ह्यांच्याकडे पाहून मला पहिले काही दिवस हसूच यायचं.

हसू थांबलं ते एका दुपारी. नात आणि मी जमिनीवर बसून चित्रं रंगवत होतो. दारावरची बेल वाजली, पार्सलवाला असावा. पोरगी उठली, तिनं दिवा बंद केला, माझा हात धरून मला सोफ्यामागे ओढलं आणि ओठावर बोट ठेवलं. मला वाटलं लपंडाव सुरू झाला. मी आपल्या सवयीनं मोठ्यानं विचारलं, "कोण आहे रे?" तर तिनं तळहात माझ्या तोंडावर दाबला. हात गार पडला होता आणि ओला होता. "आजी, चुप," ती कानात म्हणाली. आमची नात मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते, नाही तर इंग्रजीत.

संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती भेंडी चिरत होती.

"शाळेत शिकवतात ना मम्मी. ड्रिल असते. कोणी गन घेऊन आत आलं तर लाइट बंद करायचा आणि आवाज नाही करायचा." मग जरा कौतुकानं म्हणाली, "टीचर सांगून राहिली होती, क्लासमध्ये सगळ्यात शांत हीच बसते."

गप्प बसणाऱ्या पोरांचं कौतुक मीही जन्मभर केलं आहे, पण ती मरू नयेत म्हणून नव्हे. मी भेंडीची परात ओढून घेतली आणि उरलेली भेंडी चिरली, फार जाड चिरली. दप्तरात घालायची एक पाटी तिकडे मिळते, गोळी अडवणारी. ती घ्यावी की नाही यावर मुलगी-जावयाचं चाललं होतं, आपल्याकडे पाण्याचं फिल्टर कोणत्या कंपनीचं घ्यावं यावर चालतं तसं. एकाचं म्हणणं, वजन फार होतं पोरीला. दुसऱ्याचं म्हणणं, तिच्या वर्गात दोघांकडे आहे. टीव्हीवर मधूनच बातमी यायची, अमुक गावी दुकानात, तमुक गावी शाळेत. मेणबत्त्या, फुलं, रडणाऱ्या बाया, आणि लगेच उद्याचं हवामान. नात खोलीत आली की मुलगी चॅनल बदलायची. इतक्या सराईतपणे बदलायची की रिमोटकडे बघायचीही नाही.

मग जानेवारी आला. संक्रांतीला दोन-चार दिवस असतील. सकाळी मी बाहेर आले तर गाडी लावायच्या जागेवर एक पारदर्शक पाकीट पडलेलं. आत घडी केलेला रंगीत कागद, आणि मूठभर तांदूळ. चष्मा घरात राहिला होता. कागदावर फोटो तेवढा दिसला. आई, बाप, दोन मुलं, सोनेरी केस, मागे घर, सगळे हसत आहेत. मला काय वाटलं असेल? छापील कागद आणि सोबत तांदूळ. जगात कुठल्याही मराठी बाईला वाटेल तेच मला वाटलं. अक्षत आली. कोणाकडे तरी कार्य आहे आणि आपल्याला बोलावणं आहे.

खरं सांगते, माझे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांत हात हलवण्यापलीकडे कोणी काही म्हटलं नव्हतं. मी पाकीट घरात आणलं, हात धुतले, कागदाच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं आणि देवापुढे ठेवलं. देव म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक कप्पा. तांदूळ वाटीत काढून शेजारी ठेवले आणि नमस्कार केला.

"शेजारी कार्य दिसते," मी यांना म्हटलं. "अक्षत देऊन गेले."

"इथं अक्षत देतात?" यांनी पेपरातून डोकं काढलं.

"मग तांदूळ काय उगाच ठेवतील?"

यांना ते पटलं. मुलाचा वाढदिवस असावा की वास्तुशांत, यावर आमचा थोडा वाद झाला. मी बॅगेतून कोसा रेशमाचा नवा स्टोल काढून ठेवला, रायपूरहून कोणाला तरी द्यायला म्हणून नेला होता. रिकाम्या हातानं कसं जायचं?

संध्याकाळी मुलगी दिवा लावायला गेली आणि तशीच उभी राहिली. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा तिनं ती टाकली.

"मम्मी, हे देवात कोणी ठेवलं?"

"मी. अक्षत आली ना."

तिनं कागद माझ्या हातात दिला आणि चष्माही आणून दिला. मी वाचलं. हे गाव फोटोतल्या माणसांसारख्यांचं आहे आणि बाकीच्यांनी निघून जावं, असा एकूण मजकूर होता. आमच्यासारख्यांसाठी त्यात जे शब्द वापरले होते ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या लिखाणात त्यांना तेवढीही जागा मिळणार नाही.

"आणि हे तांदूळ?" मी विचारलं. मला वेड्यासारखं अजून वाटत होतं की तांदळाचं काहीतरी चांगलं कारण निघेल.

"वजनाला, मम्मी. रात्री गाडीतून फेकत जातात ना. कागद उडू नये म्हणून आत टाकतात."

मी धानाच्या मुलखातली बाई. आमच्याकडे ताटात शीत टाकलं तर सासूबाई दिवसभर बोलायच्या नाहीत. शिव्या मी पचवल्या असत्या, शिव्या देणारे सगळीकडे असतात. पण माणसाला हाकलायच्या कागदावर वजन म्हणून तांदूळ? आणि मी त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं! मला असा संताप आला की मी थरथरत होते, आणि ह्यांना वाटलं माझी शुगर उतरली. ते साखर घेऊन धावले.

पोलिसाला फोन केला. तरुण पोरगा आला, अदबीनं बोलला. कागद टाकणं हा गुन्हा नाही म्हणाला, मनात असेल ते म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सगळ्या गल्लीत पडले होते, सगळ्यांनी उचलून कचऱ्यात टाकले, तुम्हीही टाका. मुलगी त्याला दोनदा थँक यू म्हणाली.

"सगळ्यांना आलं?" तो गेल्यावर मी म्हटलं. "मग कोणी कोणाशी काही बोललं काहून नाही? मी जाऊन विचारते."

"मम्मी, प्लीज. इथं असं कोणाच्या दारावर नाही जात. लोकांकडे गन असते. कोणी घाबरून चालवली तर?"

म्हणजे कागद टाकणाऱ्याला कोणी काही म्हणायचं नाही, आणि विचारायला जाणारीनं मात्र जीव सांभाळायचा. मी त्या दिवशी गप्प बसले, कारण नात ऐकत होती. तांदूळ मी मागच्या अंगणात पाखरांना टाकले. कागद फाडला. संक्रांतीला मात्र तिळाचे लाडू केले, डबा घेतला आणि मुलगी कामाला गेल्यावर बाहेर पडले. हे म्हणाले, "थांब, मीही येतो," आणि रस्त्याच्या कडेला दोन्ही हात खिशाबाहेर काढून उभे राहिले, दिसतील असे.

पहिली मी समोरच्या पिस्तूलवाल्यांकडे गेले. भ्यायचं तर एकदाच भ्यावं. बेल वाजवली, डबा छातीशी धरला. त्यांनी दार उघडलं, पिस्तूल कमरेला होतंच. मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगितलं की आज आमचा सण आहे, हे घ्या, आणि तुमच्याकडे तो कागद आला होता का? आला होता म्हणाले. कचऱ्यात टाकला. वाईट लोक आहेत ते, तुम्ही मनावर घेऊ नका. आवाज खरंच मऊ होता. मग म्हणाले, "पण मॅडम, असं लोकांच्या दारावर जात जाऊ नका."

"मग तुम्ही माझ्या दारावर या," मी म्हटलं. "मला चालेल."

हसावं की नाही ते त्यांना कळेना. लाडू त्यांनी दोन बोटांत धरला होता, गरम असल्यासारखा. पुढच्या घरी एका म्हातारीनं साखळी न काढता फटीतून हात बाहेर काढला आणि लाडू घेतला. तिला कागदाचं विचारलं तर तिनं नुसती मान हलवली आणि माझी बोटं जराशी दाबली. तिसऱ्या घराच्या पायरीवर मी पाय ठेवला आणि आतला दिवा विझला. भर दुपारी, ढगाळ होतं म्हणून लावला असेल, तो विझला. आत एखादं पोर असणार, आणि त्याच्या बाईंनी त्याचं कौतुक केलेलं असणार. मी बेल न वाजवता परत फिरले.

घरी आले तर नात खिडकीत उभी. तिनं सगळं पाहिलं होतं.

"आजी, तुम्हारे घर में कोई दरवाज़ा बजाता है तो?"

"उघडते."

"देखे बिना? कौन है?"

"अगं, बघायलाच तर उघडते."

तिला ते खोटं वाटलं. म्हणून मी तिला छेरछेऱ्याचं सांगितलं. पौष पौर्णिमेला आमच्याकडे गावभरची पोरं झोळ्या, टोपल्या घेऊन दारोदार फिरतात, दार बडवतात, "छेरछेरा" असा गलका करतात, आणि घरात नवं धान आलेलं असतं त्यातलं मुठी मुठी ज्याला त्याला द्यायचं असतं. कोणाचं पोर, कुठल्या जातीचं, कुठल्या पाऱ्यातलं, म्हणजे वस्तीतलं, विचारायचं नसतं. आता शहरात धानाऐवजी तांदूळ देतात, कोणी चॉकलेट देतात, पण दार उघडतात. नात राक्षसाची गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती. "सच्ची? कोई छुपता नहीं?"

"तू ये. दाखवते," मी म्हटलं. तिनं माझ्या हातावर टाळी मारून वचन घेतलं.

आम्ही उन्हाळ्यात रायपूरला परतलो. आमची कॉलनी गुढियारीच्या पुढे, रुळांच्या बाजूला आहे, आणि आमचं घर अगदी टोकाचं. मागच्या भिंतीला एक जुनं पत्र्याचं दार आहे. ते ज्या गल्लीत उघडतं, ती सरळ मजुरांच्या पाऱ्यात जाते, मालधक्क्यावर हमाली करणाऱ्यांच्या वस्तीत. सासूबाईंच्या वेळेपासून छेरछेऱ्याची पोरं त्याच दारानं येतात, आमचं अंगण ओलांडतात आणि सगळ्या कॉलनीत फिरतात. पुढच्या जानेवारीत पुतण्याचं लग्न होतं, मुलगी पोरीला घेऊन येणार होती, आणि पौर्णिमा नेमकी त्याच दिवसांत. मी डिसेंबरातच एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून धान मागवून कोठीत भरून ठेवलं.

आणि डिसेंबरातच कॉलनीची मीटिंग झाली. कोणाची तरी पाण्याची मोटार चोरीला गेली होती. सेक्रेटरी आमच्यातलेच, मराठी, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं, पौर्णिमेला मेन गेटला सकाळपासून कुलूप लावू, त्या दिवसापुरता बंदूकवाला गार्ड ठेवू, आणि वहिनींच्या, म्हणजे माझ्या, घरामागचं दार विटांनी बंद करून टाकू.

"मोटार या पोट्ट्यांनी नेली?" मी विचारलं.

"तसं नाही वहिनी. पण तुम्हाले नाही समजून राहिलं. हे बाहेरचे लोक आहेत. कोण कुठून येते, काय माहीत?"

"आपण कुठून आलो भाऊ? माझा आजा वर्धेवरून आला रेल्वेत. तुमचे वडील अमरावतीवरून. आपल्याले कोणी गेट लावलं होतं?"

"ते वेगळं होतं."

ते नेहमीच वेगळं असतं. मग त्यांनी ग्रुपवर आलेला एक संदेश सगळ्यांना दाखवला. सुरक्षित परिवार, सुरक्षित कॉलनी. फोटोत आई, बाप, दोन मुलं, मागे घर, सगळे हसत आहेत. हा फोटो मी देवापुढे ठेवला होता. केस तेवढे काळे होते. खाली लिहिलं होतं, बाहेरच्यांना आत येऊ देऊ नका. ते वाचलं आणि माझा तोल सुटला. मी खुर्चीवरून उठले आणि ओरडले, "तांदूळ मुठीनं द्यायचे का वजनाला वापरायचे, ते ठरवा अगोदर!"

कोणाला काही कळलं नाही. कळणार कसं, ती हकीकत मी कोणाला सांगितलीच नव्हती. शेजारच्या गृहस्थांनी ह्यांना हळूच विचारलं, "भाभीजी की तबीयत ठीक है न?"

"एकदम ठीक आहे," हे म्हणाले. "बोलू द्या तिले."

मत घेतलं. गेटला कुलूप मंजूर, गार्ड मंजूर. माझ्या दाराचं आलं तेव्हा मी म्हटलं, "ती भिंत माझ्या घराची आहे. एक वीट लावून दाखवा," आणि ह्यांना घेऊन निघून आले. त्यानंतर काही दिवस कॉलनीत माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं. वाटलं नाही असं कशाला म्हणू?

मुलगी आली आणि तिनं सेक्रेटरींचीच बाजू घेतली. "मम्मी, रिस्क कशाले घ्यायची? एक दिवस नाही उघडलं तर काय होते?" ते मला फार लागलं. हीच पोट्टी लहानपणी फ्रॉकचा ओचा करून त्याच पाऱ्यातल्या पोरांबरोबर धान मागत हिंडायची. "मी तिला वचन दिलं आहे," मी म्हटलं. मुलगी म्हणाली, ती विसरली असेल. पण नातीनं घरात पाय ठेवल्याबरोबर पहिला प्रश्न केला होता, "आजी, वो दरवाज़ा कौन सा है?" आता ते दार उघडलं नाही तर माझं बोलणं खोटं, आणि तिच्या शाळेनं शिकवलेलं तेवढं खरं. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. मनात भीतीही होती, की नेमकं याच वर्षी काही झालं तर? पोर घरात आहे. पण ही भीती कुठवर नेते ते मी पाहून आले होते.

पौर्णिमेच्या सकाळी थंडी होती. सुपात धान भरून मी अंगणात ठेवलं. नात स्वेटर घालून सुपाजवळ बसली, धानाच्या टोकांना बोट लावून बघत. मग गल्लीतून आवाज आला, थाळ्या वाजवल्याचा, मग गलका, आणि पत्र्याचं दार धाडधाड वाजू लागलं. छेरछेरा! छेरछेरा! मी पदर खोचून वळले तर सुपाजवळ कोणी नाही.

स्वयंपाकघरातला दिवा बंद. मधल्या खोलीतला बंद. मी कोठीच्या खोलीत गेले. धानाच्या कोठीमागे नात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, ओठावर बोट. आणि तिच्या शेजारी, तशीच, भिंतीला पाठ लावून, श्वास धरून, माझी मुलगी. तिचं तिलाच काही कळायच्या आत ती तशी बसली असावी. आमची नजरानजर झाली. तिचा चेहरा पाहून मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

मी कोणाला समजावलं नाही. तिथूनच, होता तेवढा आवाज काढून, जन्मभर विचारत आले तसं विचारलं, "कोण आहे रे?"

"हमन हन, मैडम!" आम्हीच आहोत, असं बाहेरून सगळ्या पाऱ्यानं ओरडून सांगितलं, आणि हशा पिकला.

नातीनं बोट ओठावरून काढलं. "आजी," ती अगदी हळू म्हणाली, "वो जवाब दे रहे हैं।"

"हो. विचारलं की सांगतात."

दार वाजतच होतं. मग ती उठली आणि माझा पदर धरून अंगणात आली. कडी गंजलेली आहे, मलाही दोन हात लागतात. तिनं दोन्ही हातांनी ओढली, पाय भिंतीला लावून ओढली, आणि दार उघडलं. समोर तिच्याच उंचीची एक मुलगी डोक्यावर टोपली घेऊन उभी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मागची पोरं ढकलत होती. नातीनं सुपात हात घातला आणि मूठ टोपलीत सोडली. मूठ इवलीशी, निम्मं धान खाली.

"अउ दे न!" आणखी दे, असं टोपलीवालीनं ठणकावलं.

नात हसली. अमेरिकेत मी तिला पुष्कळदा हसताना पाहिलं होतं, पण असं तोंड उघडून नाही. ओंजळी भरभरून ती देत सुटली. थोड्या वेळानं कॉलनीकडच्या बाजूनं एक म्हातारी काठी टेकत आमच्या अंगणात आली, पदराखाली तांदळाची थाळी. सेक्रेटरींची आई. "फाटक त्यानं बंद केलं," ती म्हणाली, "माह्ये हात थोडीच बंद केले?" तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या. सगळ्या आल्या नाहीत. पुढच्या गेटवरचा बंदूकवाला गार्डही कंटाळून मागे आला, त्याला मी बंदूक भिंतीबाहेर ठेवायला लावून चहा दिला.

दुपारपर्यंत सगळं आटोपलं. सेक्रेटरी त्या दिवशी दिसले नाहीत, आणि विटांचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा निघेल. निघू दे.

संध्याकाळ झाली तरी नात मागच्या दारात, पायरीवर बसलेली. मांडीवर सूप, सुपात तळाला चार दाणे. तिची आई जवळ उभी होती. आतून हे ओरडले, "अगं, ते दार लावा आता! डास येऊन राहिले घरात!"

"रुको आजोबा," नात म्हणाली. "और कोई आएगा तो?"

मी मुलीकडे पाहिलं. ती आत गेली, डासांची कॉइल पेटवून आणली, उंबऱ्यावर ठेवली आणि लेकीला खेटून पायरीवर बसली. गल्लीत अंधार पडत होता. कॉइलचा काही उपयोग झाला नाही. रायपूरचे सगळे डास त्या संध्याकाळी आमच्या घरात आले. येऊ देत.